ब्रेक्झिटचा करार संसदेत तीनदा का पडला?

प्रश्न असा आहे: २३ जून २०१६ ला ब्रिटिश मतदारांनी युरोपियन युनियन सोडायचा कौल दिला, मग प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० का उजाडला? ब्रसेल्सने, म्हणजे युनियनच्या मुख्यालयाने, मुद्दाम अडवलं, की तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांना वाटाघाटी जमल्या नाहीत?

व्यापारी करारांचे मसुदे, त्यांची परिशिष्टं, मालाचा मूळ देश ठरवण्याचे नियम हे माझं रोजचं काम आहे. त्या अनुभवावरून सांगतो, ही दोन्ही उत्तरं सोयीची आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. ब्रिटनची सगळ्यात महत्त्वाची बोलणी लंडनमध्ये, स्वतःच्या खासदारांशी आणि विरोधी पक्षाशी व्हायला हवी होती, आणि तीही बाहेर पडण्याची मुदत सुरू होण्याआधी. ती झालीच नाहीत. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

आधी कौल काय होता ते पाहू. ५१.९ टक्के विरुद्ध ४८.१ टक्के. मतपत्रिकेवर पर्याय दोनच: राहायचं किंवा सोडायचं. सोडून कुठे जायचं हे कुणी विचारलंच नव्हतं. नॉर्वे युनियनचा सदस्य नाही, पण सिंगल मार्केटमध्ये आहे. त्यासाठी तो तिथले नियम पाळतो, पैसे भरतो आणि लोकांची मुक्त ये-जा मान्य करतो. तुर्कस्तान मुख्यतः कारखान्यांतल्या मालापुरता कस्टम्स युनियनमध्ये आहे. कॅनडाचा नुसता व्यापार करार आहे. तिन्ही देश बाहेरच आहेत, पण तिघांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सोडायच्या बाजूने प्रचार करणाऱ्यांत काहींच्या डोळ्यांपुढे नॉर्वे होता, काहींच्या कॅनडा, तर काहींना करार झाला नाही तरी चालणार होतं. मतं मोजताना ही सगळी एकाच रकान्यात पडली.

सिंगल मार्केट आणि कस्टम्स युनियन यांतला फरक समजल्याशिवाय पुढचं काहीच समजणार नाही, म्हणून त्यावर थोडा वेळ घालवतो. दहिसर आणि मुलुंडचे जकात नाके आठवा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली आणि ट्रकांच्या त्या रांगा संपल्या, कारण नाक्यावर तपासायचं होतं ते कराचंच. देशांच्या सीमेवर कर हे तपासणीचं एकच कारण असतं. कस्टम्स युनियनमध्ये आतल्या आत आयात कर नसतो आणि बाहेरच्या जगासाठी सगळ्यांचा दर एक असतो, त्यामुळे कराची तपासणी संपते. पण ट्रकमधलं मांस कोणत्या नियमांनी तयार झालं, औषधाला मंजुरी कुणी दिली, खेळण्यातला रंग सुरक्षित आहे का, हे प्रश्न उरतात. ते सोडवतं सिंगल मार्केट, कारण तिथे नियम आणि ते नियम लागू करणारं न्यायालय एकच असतं. सीमेवरचा नाका पुरता उठवायचा तर दोन्ही लागतात. शून्य टक्के कराचा उत्तमातला उत्तम करार केला तरी नाका जागेवरच राहतो.

सोडायच्या बाजूच्या लोकांचं गाऱ्हाणंही खोटं नव्हतं. कोकणातल्या बागायतदारांना त्याचा एक अनुभव आहे. फळमाशी सापडल्यामुळे १ मे २०१४ पासून युरोपियन युनियनने भारतीय आंब्याची आयात बंद केली, आणि ऐन हंगामात हापूस अडकला. लंडनमधल्या व्यापाऱ्यांनी आणि खासदारांनी कितीही आरडाओरडा केला, तरी ब्रिटनला एकट्याने ती बंदी उठवता येत नव्हती, कारण वनस्पतींच्या आरोग्याचा कायदा सगळ्या २८ देशांचा मिळून होता. बंदी २०१५ मध्ये उठली, तीही ब्रसेल्समध्ये निर्णय झाल्यावर. आपल्या देशात काय यावं हे आपल्या संसदेने ठरवावं, ही मागणी मला मुळीच हास्यास्पद वाटत नाही. तिची किंमत किती आणि ती कुणी मोजायची, यावर देशात एकमत करून घ्यायला हवं होतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

तसं झालं नाही. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधान झालेल्या थेरेसा मे यांनी १७ जानेवारी २०१७ च्या लँकेस्टर हाउसच्या भाषणात जाहीर केलं की ब्रिटन सिंगल मार्केट सोडेल, कस्टम्स युनियनमध्येही पूर्ण सदस्य म्हणून राहणार नाही, आणि वाईट करारापेक्षा करार नसलेला बरा. इतका मोठा निर्णय, पण त्याआधी संसदेत पर्यायांवर मतदान नाही, विरोधी मजूर पक्षाशी चर्चा नाही, आणि स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड या राहण्याच्या बाजूने मत दिलेल्या भागांना विश्वासात घेणंही नाही. संसदेची मंजुरी घ्यायलासुद्धा सर्वोच्च न्यायालयाने भाग पाडलं. २४ जानेवारी २०१७ चा तो निकाल आठ विरुद्ध तीन असा होता.

इथे संसदही सुटत नाही. युनियन सोडण्याची पद्धत सांगणाऱ्या, युनियनच्या मूळ करारातल्या कलम ५० ची नोटीस देण्याचं विधेयक आलं, तेव्हा दुसऱ्या वाचनाला ४९८ विरुद्ध ११४ मतं पडली. मजूर पक्षाच्या नेतृत्वाने विधेयकाच्या बाजूने व्हिप काढला होता. काय मागायचं हे ठरलं नव्हतं, तरी मुदत सुरू करायला जवळजवळ पाचशे खासदारांनी हात वर केले.

कलम ५० ची रचना जाणाऱ्या देशाच्या विरोधात जाते. नोटीस दिली की दोन वर्षं मिळतात. करार झाला नाही तर दोन वर्षांनी आपोआप बाहेर. मुदतवाढ हवी असेल तर उरलेल्या सगळ्या देशांची संमती लागते. म्हणजे नोटीस कधी द्यायची, हे एकच हुकमाचं पान ब्रिटनच्या हातात होतं, आणि ते २९ मार्च २०१७ ला टाकून झालं. लगोलग जूनमध्ये मुदतपूर्व निवडणूक घेऊन मे यांनी बहुमतही घालवलं. त्यांचा हुजूर पक्ष ३३० जागांवरून ३१७ वर आला आणि सरकार डीयूपीच्या १० खासदारांवर टेकलं. डीयूपी हा उत्तर आयर्लंडने ब्रिटनमध्येच राहावं असा आग्रह धरणारा तिथला पक्ष.

दरम्यान २७ देशांच्या नेत्यांनी २९ एप्रिल २०१७ ला आपली मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली होती: आधी नागरिकांचे हक्क, देणी आणि आयर्लंडची सीमा, मग भविष्यातल्या व्यापाराची चर्चा. ब्रेक्झिट मंत्री डेव्हिड डेव्हिस या क्रमावरून उन्हाळाभर भांडण होईल म्हणाले होते. १९ जूनला, बोलण्यांच्या पहिल्याच दिवशी, त्यांनी तो क्रम मान्य केला. युनियनचे वाटाघाटी करणारे मिशेल बार्निए राजधान्यांत फिरत राहिले, कागदपत्रं प्रसिद्ध करत राहिले, प्रत्येक टप्प्यावर सगळ्या देशांना बरोबर घेत राहिले. लोक याला ब्रसेल्सची कडक भूमिका म्हणतात. मला त्यात घरचा अभ्यास आधी उरकलेला दिसतो.

आता आयर्लंड. गाडी खरी इथे अडली. ब्रिटनचा भाग असलेलं उत्तर आयर्लंड आणि युनियनमधला स्वतंत्र देश असलेलं आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यातली सीमा सुमारे ५०० किलोमीटरची आहे, आणि १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तिथे तपासणी चौकी दिसत नाही. तीन दशकांच्या हिंसाचारानंतर मिळालेली ती शांतता आहे. सीमेवर पुन्हा नाका उभा करणं कुणालाच नको होतं. पण ब्रिटन सिंगल मार्केट आणि कस्टम्स युनियन दोन्ही सोडणार असेल, तर माल कुठेतरी तपासावाच लागणार. एक तर आयर्लंडच्या भूसीमेवर, नाहीतर उत्तर आयर्लंड आणि उर्वरित ब्रिटन यांच्यामधल्या समुद्रावर. तिसरी जागा नाही. दोन्हीकडे नाका नको असेल तर अख्ख्या ब्रिटनने युनियनचे नियम पाळत राहायचं. या तीन वाटांपैकी प्रत्येक वाटेला वेस्टमिन्स्टरमधल्या, म्हणजे ब्रिटिश संसदेतल्या, कुणा ना कुणाचा ठाम विरोध होता.

४ डिसेंबर २०१७ चा दिवस मी नेहमी उदाहरण म्हणून सांगतो. मे ब्रसेल्समध्ये युरोपियन कमिशनचे अध्यक्ष ज्याँ-क्लोद युंकर यांच्याबरोबर जेवायला बसल्या होत्या. मसुदा जवळपास तयार होता आणि त्यात उत्तर आयर्लंडसाठी वेगळी व्यवस्था होती. बातमी फुटली, डीयूपीच्या नेत्या अर्लीन फॉस्टर यांनी हे चालणार नाही असं जाहीर केलं, जेवण सोडून फोन करावा लागला, आणि त्या दिवशी करार झाला नाही. पंतप्रधानांनी परदेशात जो शब्द दिला होता, तो त्यांना टेकू देणाऱ्या पक्षालाच आधी सांगितलेला नव्हता. माझ्या धंद्यात यापेक्षा गंभीर चुका फार थोड्या असतात.

चार दिवसांनी संयुक्त अहवाल निघाला. त्याचे ४९ आणि ५० हे परिच्छेद एकापाठोपाठ वाचा. ४९ व्या परिच्छेदात आश्वासन आहे की दुसरा तोडगा निघाला नाही तर आयर्लंड बेटावरच्या सहकार्याला आवश्यक असलेल्या युनियनच्या नियमांशी ब्रिटन पूर्ण सुसंगत राहील. ५० व्यात आश्वासन आहे की उत्तर आयर्लंड आणि उर्वरित ब्रिटन यांच्यात नियमांचे नवे अडथळे येणार नाहीत. पहिलं डब्लिनसाठी, म्हणजे आयर्लंडच्या सरकारसाठी; दुसरं बेलफास्टसाठी, म्हणजे डीयूपीसाठी. दोन्ही पाळायची तर लँकेस्टर हाउसचं भाषण मागे घ्यावं लागतं. मसुद्यात अशी दोन विसंगत वाक्यं शेजारी ठेवली की सह्या होतात, पण भांडण पुढच्या टप्प्यावर ढकललं जातं आणि तिथे ते वाढूनच भेटतं.

त्या काळात आयर्लंडचे पंतप्रधान होते लिओ वराडकर. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, म्हणून आपल्याकडे त्यांच्याबद्दल कौतुकाने लिहिलं गेलं. त्या लेखनात त्यांचं या वाटाघाटीतलं काम मात्र फारसं आलं नाही. सीमेची हमी लेखी आणि कायद्याने बांधणारी हवी, हा आग्रह त्यांनी सोडला नाही, आणि २७ देशांनी एका छोट्या सदस्याची ती मागणी शेवटपर्यंत उचलून धरली. युनियनच्या आत असण्याचा अर्थ त्या दिवसांत आयर्लंडला जितका स्पष्ट दिसला, तितका क्वचितच कुणाला दिसला असेल.

४९ व्या परिच्छेदातूनच बॅकस्टॉप आला, म्हणजे दुसरा तोडगा निघाला नाही तर लागू होणारी सीमेची हमी. जुलै २०१८ मध्ये चेकर्स या पंतप्रधानांच्या ग्रामीण निवासस्थानी झालेल्या बैठकीत मे यांनी पहिल्यांदा मंत्रिमंडळापुढे तपशीलवार प्रस्ताव ठेवला. दोन-तीन दिवसांतच डेव्हिस आणि परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन यांनी राजीनामे दिले. मुदतीतले पंधरा महिने तेव्हा संपले होते. नोव्हेंबरमध्ये ५८५ पानांचा करार आला. त्यात ठरलं की दुसरा उपाय सापडेपर्यंत अख्खा ब्रिटन युनियनबरोबर एका समान सीमाशुल्क क्षेत्रात राहील, उत्तर आयर्लंड त्याखेरीज मालाचे काही नियमही पाळेल, आणि यातून एकतर्फी बाहेर पडता येणार नाही. ब्रसेल्सने अडवलं असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: ब्रिटनभर लागू होणारी ती तरतूद ही युनियनने दिलेली सवलत होती. मुक्त ये-जा न मानता कराविना बाजार मिळतोय, म्हणून काही राजधान्यांत त्यावर नाराजी होती.

आणि मग ती तीन मतदानं. १५ जानेवारी २०१९: बाजूने २०२, विरोधात ४३२. हुजूर पक्षाचेच ११८ खासदार विरोधात गेले. १२ मार्च: २४२ विरुद्ध ३९१. त्याच दिवशी सरकारच्याच महान्यायवादींनी लेखी सल्ला दिला होता की बॅकस्टॉपमध्ये अडकण्याचा कायदेशीर धोका बदललेला नाही. २९ मार्च: २८६ विरुद्ध ३४४, करार मंजूर झाला तर पद सोडते, असं मे यांनी सांगूनही.

विरोधातले लोक कोण होते ते पाहिलं की कोडं सुटतं. एका टोकाला, हा करार ब्रिटनला कायमचा बांधून ठेवेल म्हणणारे हुजूर खासदार. दुसऱ्या टोकाला, दुसरं सार्वमत घेऊन युनियनमध्येच राहावं म्हणणारे. मध्ये कस्टम्स युनियन हवी म्हणणारा मजूर पक्ष, ज्याच्या उत्तर इंग्लंड आणि मिडलंड्समधल्या अनेक मतदारसंघांनी सोडायचा कौल दिला होता आणि ज्याच्या शहरी मतदारांना राहायचं होतं. बाजूला डीयूपी. प्रत्येक गटाला वाटत होतं की हा करार पडला तर पुढे आपला पर्याय येईल. त्यामुळे नकारासाठी सगळे एकत्र, होकारासाठी कुणीच नाही.

वाटाघाटीत "माझी संसद हे मंजूर करणार नाही" हे वाक्य फार उपयोगी असतं. समोरचा त्यावर वाकतो, पण एका अटीवर: काय मंजूर होईल ते तुम्ही सांगू शकला पाहिजेत. २९ जानेवारी २०१९ ला कॉमन्सने, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, ३१७ विरुद्ध ३०१ मतांनी ठराव केला की बॅकस्टॉपच्या जागी "पर्यायी व्यवस्था" आणा. कोणती व्यवस्था, याचा ठरावात पत्ता नव्हता. एवढ्यावर ब्रसेल्सने कशाला होकार द्यायचा?

माझ्या मते सगळ्यात दुःखद रात्र १ एप्रिल २०१९ ची. त्याआधी २७ मार्चला खासदारांनी आठ पर्यायांवर मत दिलं होतं आणि आठही पडले होते. १ एप्रिलला चार पर्याय पुन्हा आले. कायमस्वरूपी कस्टम्स युनियनचा प्रस्ताव हुजूर पक्षाचे ज्येष्ठ खासदार केन क्लार्क यांचा होता. बाजूने २७३, विरोधात २७६. तीन मतं. मंत्रिमंडळाने मतदानात भाग घेतला नाही, आणि दुसरं सार्वमत हवं असलेल्या अनेकांनीही साथ दिली नाही, कारण मधला मार्ग मंजूर झाला असता तर त्यांची मोठी आशा संपली असती. या सभागृहात बहुमताच्या सगळ्यात जवळ जाणारा तोडगा तोच होता. असं मतदान नोटीस देण्याआधी, २०१६ च्या हिवाळ्यात घेतलं असतं तर? मे यांनी मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांच्याशी बोलणी सुरू केली ती तिसऱ्या पराभवानंतर, एप्रिल २०१९ मध्ये. दोन वर्षांच्या अविश्वासावर सहा आठवड्यांत काय बांधलं जाणार? १७ मे रोजी ती फिसकटली. आठवड्याभराने मे यांनी राजीनामा जाहीर केला.

मे कमकुवत होत्या हे उत्तर मला म्हणूनच पटत नाही. आयर्लंडच्या तीन वाटा त्यांना दिसल्या, आणि देश अखंड ठेवणारी वाट त्यांनी प्रामाणिकपणे निवडली. पण स्वतःच्या पक्षात फूट पडू नये म्हणून ती निवड त्यांनी देशापुढे उघडपणे मांडली नाही. त्यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या जॉन्सन यांनी दुसरी वाट घेतली. १० ऑक्टोबर २०१९ ला लिव्हरपूलजवळ ते वराडकर यांना भेटले आणि आठवड्याभरात नवा करार झाला. नाका समुद्रावर गेला. हेच जॉन्सन वर्षभरापूर्वी डीयूपीच्या अधिवेशनात म्हणाले होते की असं काही कुठलंही हुजूर सरकार मान्य करू शकत नाही. २२ ऑक्टोबरला त्यांच्या विधेयकाला ३२९ विरुद्ध २९९ मतं मिळाली, पण ते घाईने उरकण्याचं वेळापत्रक सभागृहाने फेटाळलं. डिसेंबरच्या निवडणुकीत त्यांना ८० चं मताधिक्य मिळालं आणि कोंडी फुटली.

या सगळ्यात ज्यांचं जगणं टांगणीला लागलं, त्यांत आपली माणसं होती. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले आणि त्यांचे वंशज पोर्तुगीज नागरिकत्व घेऊ शकतात. त्या पासपोर्टवर हजारो गोवेकर स्विंडन, साउथॉलसारख्या ठिकाणी युरोपियन नागरिक म्हणून राहायला गेले. सार्वमतात ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मत होतं, पण आयर्लंड, माल्टा, सायप्रस सोडून इतर युरोपियन देशांच्या नागरिकांना नव्हतं. म्हणजे पुण्याहून नोकरीसाठी गेलेला भारतीय पासपोर्टवाला मत देऊ शकत होता. पोर्तुगीज पासपोर्ट घेतल्यामुळे भारतीय नागरिकत्व गेलेला त्याचा गोवेकर शेजारी देऊ शकत नव्हता. ज्याच्या राहण्याच्या हक्काचा फैसला होता, तोच मतदानाबाहेर. पुढे ३१ डिसेंबर २०२० पूर्वी आलेल्यांना राहण्याचा हक्क मिळाला, बहुतेकांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करायचा होता. हा हक्क करारात लिहिलेला आहे, म्हणून तो आंतरराष्ट्रीय कायद्याने टिकतो. कराराविना बाहेर पडण्याची भाषा संसदेत सहज चालली होती; तसं झालं असतं तर या कुटुंबांना फक्त सरकारच्या आश्वासनावर विसंबावं लागलं असतं. आधी नागरिक, मग व्यापार, हा ब्रसेल्सचा क्रम मला योग्य वाटतो तो यासाठीच.

समुद्रावरच्या नाक्याचं भांडण जॉन्सन यांच्या विजयाने संपलं नाही. डीयूपीने फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षं उत्तर आयर्लंडचं सरकार चालू दिलं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी युनियनबरोबरच्या विंडसर फ्रेमवर्क नावाच्या समझोत्याने तपासणी बरीच सैल केली. या व्यवस्थेला स्थानिक विधानसभेची संमती वेळोवेळी घ्यावी, अशी तरतूद जॉन्सन यांच्याच करारात आहे. त्यानुसार १० डिसेंबर २०२४ ला बेलफास्टमध्ये मतदान झालं: बाजूने ४८, विरोधात ३६. युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलं राहू इच्छिणारे आमदार विरोधात गेले. युनियनिस्ट आणि आयर्लंडशी एकत्र येऊ इच्छिणारे राष्ट्रवादी अशा दोन्ही समाजांचा पाठिंबा मिळाला असता तर पुढचं मतदान आठ वर्षांनी झालं असतं. नुसतं साधं बहुमत मिळालं, म्हणून ते चार वर्षांनी, २०२८ मध्ये घ्यायचं आहे.